खंडेनवमीची काडतुसं

अहो,

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या जनाबाईंनी पिठलं-भात झाकून आणला, आणि मी आपली सवयीनं म्हणून गेले, "ठेवा हो तिथे. आज ह्यांचा भरायचा दिवस आहे ना." जनाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मला पोटाशी धरलं आणि रडायला लागल्या. त्यांना वाटलं, हिला भ्रम झाला. भ्रम कसला डोंबलाचा? या घरात आल्यापासून चूल बंद म्हणजे तुमची काडतुसं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या कारणानंही ती बंद राहते हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

आता तेरावंही होऊन गेलं. मुंबईची माणसं मुंबईला गेली. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. आणि काल संध्याकाळी गणपतभाऊजी येऊन गेले. हो, गणपतभाऊजीच. आपल्या ओटीवर, तुमच्या जागेच्या समोर, खांबाला टेकून बसले होते. दचकलात ना? मीही दचकले. तेच सांगायला बसले आहे, पण तुमच्याशी थेट मुद्द्याचं बोलणं मला या जन्मात कधी जमलंय? तुम्ही म्हणायचात, "हिला म्हसळ्याचा भाव विचारला तर ही नागावच्या वाडीतून सुरुवात करते." करते तर करते. आता कुठे तुम्हाला उठून जाता येणार आहे?

नागावातून या खाडीकाठी आले तेव्हा तुम्ही लढाईहून परतून वर्ष झालं होतं. लोक हवालदार म्हणायचे. नावानं हाक मारणारे दोघंच, तुमच्या आई आणि गणपतभाऊजी. लग्नानंतर महिनाभरानं एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि तुम्ही आलात, चुलीतली लाकडं ओढलीत, त्यावर तांब्याभर पाणी ओतलंत. फस्स करून धूर झाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, काय चुकलं माझं? तर सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "रडू नगो. आज त्याचं काडतुसाचं काम हाय. आज शिळं खायाचं." आणि त्यांनी देवापुढचा दिवासुद्धा शांत केला. वर देवाला समजावलं, आज पोराचं काम हाय, रागावू नगो म्हणून. शिळासप्तमी मला माहेरी ठाऊक होती, वर्षातून एकदा यायची. या घरात ती तुम्हाला वाटेल तेव्हा यायची.

ती बंदूक सासऱ्यांची, संस्थानच्या शिपाईगिरीतली. संस्थान विलीन झालं तेव्हा कचेरीत सगळ्यांची हत्यारं जमा झाली, पण वाडीच्या भाताच्या राखणीसाठी एवढी एक तुमच्या नावानं परवान्यावर राहिली. एका वेळी एकच काडतूस घ्यायची ती. बरोबर आलेली लष्करी काडतुसं सासऱ्यांच्याच वेळी उडून गेली होती, मागं राहिल्या त्या अंगठ्याएवढ्या जाड पितळी पुंगळ्या. तसली काडतुसं आता बाजारात येत नाहीत, म्हणून तुम्ही त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरायला लागलात. आणि काय जीव होता तुमचा त्या पुंगळ्यांवर! गणपतभाऊजी नक्कल करायचे: डुक्कर तिकडं बांधावर पडलाय, सगळी वाडी तिकडं पळतेय, आणि हवालदार इकडं गुडघ्यावर बसून गवतात पुंगळी शोधतोय. तुम्ही हसायचात, पण पुंगळी सापडल्याशिवाय उठायचा नाहीत. माझ्या नाकातली चमकी हरवली तेव्हा एवढं शोधलं नव्हतंत, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

मागच्या पडवीत चटई टाकून तुम्ही बसायचात. विडी नाही, दिवा नाही, पोराटोरांना आत पाय टाकू द्यायचा नाही. खिळा वाकवून केलेल्या आकड्यानं आधी बुडाची जुनी टोपी उचकटायची. शिसं कोळीवाड्यातनं यायचं, फाटक्या जाळ्यांच्या वजनांचं. बंदुकीची काळी दारू परवान्यावर म्हसळ्यात मिळायची. आणि दारूवर बसवायच्या जाड कांबळ्याच्या गोल चकत्या मी कापायची. पहिल्या दिवशी मी कापलेली चकती तुम्ही उजेडाकडे धरलीत, फिरवून बघितलीत आणि बाजूला ठेवलीत. मी जीव तोडून दुसरी कापली. तीही बाजूला. चौथी का पाचवी तुम्ही उचललीत आणि सरळ कामाला लावलीत. तुमच्याकडनं शाबासकी म्हणजे एवढीच. पण त्या दिवशी संध्याकाळी शिळी भाकरी आणि लसणाची चटणी खाताना मला पहिल्यांदा वाटलं, या घरात माझं काही काम आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं म्हणण्यापेक्षा, लाज वाटली.

सगळं मिळायचं हो, अडायचं ते टोपीशी. चाप ओढला की जिच्यावर ठोका बसतो आणि जिच्या ठिणगीनं दारू पेटते ती बुडाची इवलीशी टोपी. दुकानात मिळणाऱ्या साध्या टोप्या त्या लष्करी पुंगळ्यांना बसत नव्हत्या, आणि बसणाऱ्या परदेशातनं यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. वैशाखात, पावसानं बोटी बंद व्हायच्या आत, तुम्ही दिघीहून मुंबईला जायचात. खिशात एक रिकामी पुंगळी, दाखवायला. मुलगी बघायला निघालेला माणूससुद्धा एवढं नटत नसेल, इतकं धुतलेलं धोतर आणि कोट घालून तुम्ही दुकानं हिंडायचात, कारण नीट कपडे असले तर दुकानदार आत जाऊन फडताळ तरी उघडतो, असं तुमचं म्हणणं. एक म्हातारा पारशी दुकानदार होता. त्याच्याकडे लढाईच्या आधीचा माल पडला होता. तो दर वर्षी थोड्या द्यायचा आणि दर वर्षी म्हणायचा, आता संपल्या. तुम्ही परत यायचात तेव्हा मी धक्क्यावर तुमच्या चेहऱ्याकडे बघायची. ओठ मिटलेले असले की समजायची, मिळाल्या. न मिळाल्या तर तुम्ही बोटीतनंच मला हसून हात करायचात.

ज्या वर्षाचं मी बोलणार आहे त्या वर्षी तुम्ही तपकिरीच्या डबीएवढी डबी आणलीत आणि म्हणालात, म्हातारा दुकान विकून मुलाकडे चाललाय. ही शेवटची.

पावसाळा काढायचा म्हणजे माझी परीक्षा. खाडीची ती खारट हवा, जोडे बुरसटतात, पोळपाटाला बुरशी येते, तिथे त्या टोप्यांचं काय? डबीला मेण लावून, फडक्यात बांधून, बरणीत घालून ती बरणी मी कणगीत भाताच्या पोटात पुरली. माझे पापड एका बाजूला काढून तुमच्या डबीला जागा दिली. त्यावरनं आपलं भांडण झालं, की पापड आधी का टोप्या आधी. आश्विन लागला, भात पोटरीतून बाहेर आलं, आणि तुम्ही डबी बाहेर काढलीत. कोरडी ठणठणीत. त्या मूठभर टोप्यांत मूठभर काडतुसं भरलीत. चूल बंद, दिवा बंद, आणि आपण तिघांनी दहीपोहे खाल्ले. भरल्यावर तुम्ही काडतुसं फडताळात ओळीनं उभी केलीत आणि म्हणालात, "झालं. एवढ्यावर वाडीचं भात घरात येईल."

गणपतभाऊजी ते ऐकून ओटीवर मांडी ठोकून हसले होते. त्यांचं शेत खाडी अडवून केलेल्या खारीच्या बांधाला लागून, जंगलाच्या बाजूला. डुकरं पहिली त्यांच्यात शिरायची. तुम्ही दोघं एका पाटीवर शिकलात, एका होडीतनं शाळेला गेलात. हाकारे घालायला ते आणि बार टाकायला तुम्ही, असं ठरूनच गेलं होतं. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या तीरावर बायका वळून बघायच्या. ते झाडीतनं डुकरं हाकत आणायचे, तुम्ही बांधाच्या आड बसायचात. त्यांच्या आणि डुकरांच्या मध्ये काही नसायचं, फक्त तुमचा नेम. मनात शंका असती तर माणूस असा पुढं चालला नसता.

खंडेनवमीच्या सकाळी मी खारीवर राखणीला होते. तुम्ही झेंडूची फुलं आणि पूजेचं सामान आणायला म्हसळ्याला गेला होतात. घरात सासूबाई. दर वर्षी तुम्ही पाटावर बंदूक ठेवायचात, शेजारी कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि भरलेली काडतुसं. त्या वर्षी सासूबाईंनी ठरवलं की आपण सगळं घासून ठेवू, पोरगा येईस्तोवर. मोठी परात घेतली, चिंचेचं पाणी केलं, त्यात समया, निरांजनं, घंटा, ताम्हण भिजत घातलं. आणि काडतुसंही. पितळच ना ते! देवापुढं काळं पितळ ठेवणारी बाई नव्हती ती. तासभर भिजवली, मग नारळाच्या काथ्यानं एकेक घासली, बुडंसुद्धा. बुडं घासताना घर उडालं नाही ही खंडोबाचीच कृपा म्हणायची.

मी दुपारी आले तर पाटावर काय झगमगाट! तुम्ही दर वर्षी कोरड्या फडक्यानं पुसायचात, मला वाटलं यंदा जास्त जोर लावलाय. पाठोपाठ तुम्ही आलात. फुलांची परडी हातात तशीच. वाकून एक काडतूस उचललंत आणि नाकाशी नेलंत. चिंचेचा वास आला असणार. मी तुमचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते. रंगच उतरला. आणि मागनं सासूबाई हात पदराला पुसत आल्या, चेहऱ्यावर एवढं कौतुक, नि विचारलं, "कशी दिसत्यात रे?"

तुम्ही म्हणालात, "झकास, आये. बाबांच्या वेळी पण अशी नव्हती."

आणि पूजेला बसलात. आरती म्हटलीत. मी पाठीमागे टाळ्या वाजवत होते आणि मला काही समजत नव्हतं. मग पडवीत येऊन तुम्ही एवढंच सांगितलंत, टोप्या भिजल्यात. मी म्हटलं, उन्हात घालू. तुम्ही म्हणालात, आतलं उन्हाला दिसत नाही. तरी सावलीत फडक्यावर वाळवलीत. एक मागच्या परसात उडवून बघितलंत, ते उडालं. दुसरं वाया घालवायची तुमची छाती झाली नाही. त्या एकावर आशा ठेवलीत.

कोजागरीच्या अलीकडे डुकरांचा कळप गणपतभाऊजींच्या शेतालगतच्या झाडीत बसल्याची खबर आली. तुम्ही म्हणालात, हाका नको, नुसती राखण करू. भाऊजी हसले. पूजा झालेली बंदूक आहे, आज नाही तर केव्हा, असं म्हणून माणसं गोळा करायला गेलेसुद्धा. तेव्हा तरी सांगायचं होतं हो. ओटीवर सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, म्हणून नाही सांगितलंत. मला दिसलं तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत ते.

दिवस मावळायच्या आत हाका झाला. मी आणि वाडीतल्या बाया बांधाच्या या टोकाला डबे बडवत उभ्या होतो. डुकरं निघाली, सरळ तुमच्यावर आली, आणि नुसता टक् असा आवाज. तुम्ही दुसरं घातलंत. टक्. तिसरं. सगळी मूठ संपली. कळप तुमच्या समोरून वळला आणि गणपतभाऊजींच्या उभ्या भातातनं आडवा-उभा गेला, परत फिरून आला, परत गेला. हाकारे घालणाऱ्यांना थांबावं का ओरडावं हे समजेना. अंधार पडला तेव्हा त्या शेतात उभं असं काही उरलं नव्हतं. मग रोजच यायला लागली ती. बांधाकडची सगळी शेतं गेली, पण भाऊजींचं पहिलं गेलं.

ते तुमच्यापुढं येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "काय झालं?" एवढंच विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, "पावसात टोप्यांचा डबा उघडा राहिला माझ्याकडनं."

माझ्या हातातला डबा खाली पडला. उघडा राहिला? मी कणगीत पुरलेली बरणी?

त्या रात्री आपण भांडलो ते मी विसरणार नाही. सासूबाई पलीकडे झोपल्या होत्या म्हणून कुजबुजत भांडलो, त्यामुळे आणखीच राग आला. मी म्हटलं, जा आणि भाऊजींना खरं सांगा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. म्हणालात, "तिनं देवासाठी घासली गं. तिला कळलं तर ती पुन्हा देवघरात पाऊल टाकायची नाही." मी म्हटलं, आणि गणपतभाऊजी? तुम्ही पांघरूण ओढून घेतलंत. मी म्हटलं, तुम्हाला जमत नाही तर मी सांगते. तेव्हा उठून बसलात आणि माझ्याकडनं शपथ घेतलीत. आये आहे तोवर नाही.

वाडीची जीभ कोण धरणार? कुणी म्हणालं, हवालदार पेंगला. मग कुणीतरी उठवलं की चांगली काडतुसं मुंबईच्या शिकारी साहेबाला विकली, वाडीसाठी नासकी ठेवली. हे ऐकून मी पाणवठ्यावर कळशी आपटून आले होते. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. त्या दिवाळीनंतर गणपतभाऊजी घराला कुलूप लावून, बायकोला घेऊन मुंबईला गेले, गोदीत हमाली करायला. तुम्हाला सांगितलं नाही. आगबोटीच्या दिवशी तुम्ही धक्क्याच्या अलीकडे, वडाखाली उभे होतात. त्यांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. घरी येऊन तुम्ही चहा मागितलात आणि पेला हातात धरून बसलात, साय येईस्तोवर.

पुढच्या वर्षापासून तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, नवा सरकारी नियम आलाय, पूजेला रिकाम्याच पुंगळ्या ठेवायच्या. नियम! तुमच्यासारखा सरळ माणूस किती सफाईनं थापा मारायला शिकला. सासूबाई दर नवमीला आनंदानं त्या पुंगळ्या चिंचेनं घासायच्या आणि तुम्ही "झकास, आये" म्हणायचात. मला हसूही यायचं आणि रागही. पलटणीतल्या जुन्या ओळखीनं कधी थोड्या टोप्या मिळाल्या, डुकरं पडली, वाडीला पुन्हा भात मिळालं. लोक विसरले. मग टोप्या अगदीच मिळेनाशा झाल्या आणि बंदूक खुंटीला लागली. तरी वैशाखात तुम्ही पुंगळ्या काढून पडवीत बसायचात, आकड्यानं टोकरायचात, पुसायचात, ठेवायचात. भरायला काही नसलं तरी त्या दिवशी मी चूल बंद ठेवायची. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

भाऊजी परत आले ते पिकल्या केसांनी, छातीत खोकला घेऊन. आपल्या दारावरनंच त्यांची वाट. काठी टेकत, मान खाली घालून जायचे. त्यांच्या काठीचा आवाज आला की तुम्ही ओटीवर उभे राहायचात. हातात काहीतरी धरून, काम आहे असं दाखवत. ते पुढं गेले की बसायचात. किती वर्षं बघितलं मी हे. एकदा न राहवून म्हटलं, आता म्हातारे झालात दोघंही, सोडा की हट्ट. तुम्ही म्हणालात, "आये आहे ना अजून." आणि मी, तुमची लाडकी बायको, मनात म्हटलं, सासूबाईंचं वय झालं, आज ना उद्या... मग तुम्हा दोघांना एका ओटीवर बसवून मी खरं काय ते सांगेन, चहा करीन, आणि तुमची दोघांची तोंडं बघेन. एवढं एक सुख मी राखून ठेवलं होतं. तुम्ही आधी जाल हे माझ्या गावीही नव्हतं. हे काय केलंत हो? ज्यांच्यासाठी शपथ घातलीत त्या बसल्या आहेत, आणि तुम्ही निघून गेलात.

सासूबाईंनी तुम्ही गेल्यापासून अन्नाला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. भिंतीला टेकून बसतात. पेज पुढं केली तर दोन घोट घेतात आणि वाटी सरकवतात. म्हातारपणी पोरगा जाणं म्हणजे काय, हे मी काय सांगू? मी रडते तेव्हा त्या माझ्याकडे बघतात, मला वाटतं त्यांना माझा हेवा वाटतो. त्यांचं रडणंही आटलंय.

आणि काल भाऊजी आले. पायरीवर काठी ठेवली, बसले. सासूबाई दाराच्या आत, उंबऱ्याला लागून. मग ते म्हणाले की अग्नीला आलो होतो, लांब उभा होतो. मी म्हटलं, बघितलं मी. मग त्यांनी खोकून घेतलं आणि विचारलं.

"वैनी, एक इचारतो, रागावू नगा. तो म्हणाला डबा उघडा राहिला, लोक म्हणायचे हवालदारानं काडतुसं इकली. माझं मन घेत नव्हतं. पण मग तो बोलला का न्हाय माझ्याशी नीट? खरं काय व्हतं त्या दिवशी?"

अहो, माझ्या जिभेवर होतं सगळं. किती वर्षं घोळवलेलं. कणगी, बरणी, मेण, चिंच, परात. एकदा तोंड उघडलं की तुम्ही धुतल्या तांदळासारखे बाहेर आला असतात. भाऊजींचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. आणि हातभर अंतरावर सासूबाई, कान टवकारून. कान अजून चांगले आहेत त्यांचे.

मी म्हटलं, "विकली नाहीत, भाऊजी. देवाशपथ सांगते. पावसात टोप्यांचा डबा उघडा राहिला, एवढंच."

माझ्याच तोंडानं. तुमच्यावर. भाऊजी मान हलवत राहिले. म्हणाले, "डबाच ना? डबा काय, कुणाकडनं बी राहतो. आनि मी एवढी वर्सं..." मी पाणी दिलं. ते प्यायले, या घरचं पाणी, आणि तुमच्या जागेवर हात ठेवून बसून राहिले. जाताना म्हणाले, भात कापणीला आलं की मी येईन तुमच्या खारीवर, एकट्यानं करू नका.

ते गेले. अंधारून आलं म्हणून मी दिवा लावला. सासूबाई आतनं म्हणाल्या, "इकडं ये." गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. धरणं कसलं, चिमटाच.

"माझा पोरगा डबा उघडा ठेवणारा न्हवता," त्या म्हणाल्या. "तेव्हाबी मला पटलं न्हाय, आजबी न्हाय. तो कुणालातरी पाठीशी घालीत व्हता. खरं बोल."

त्यांच्या डोळ्यांत मी किती दिवसांनी काही बघितलं. राग होता, पण काहीतरी होतं. आणि त्यांचे ते हात, चिंचेच्या पाण्यानं जन्मभर पांढरे पडलेले, माझ्या मनगटावर. तेव्हा मला कळलं हो, तुम्ही त्या दिवशी फुलांची परडी धरून उभे होतात तेव्हा तुम्हाला काय झालं असेल. मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, आणि माझी वेळ आली तेव्हा मला विचारही करावा लागला नाही.

मी म्हटलं, "मलाच पाठीशी घालत होते, सासूबाई. डबा माझ्याकडनं उघडा राहिला."

त्यांनी मनगट सोडलं. भिंतीला टेकल्या, मोठा श्वास घेतला.

"वाटलंच व्हतं मला," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "भात हाय का गं काही? वाढ थोडा."

दोनदा वाढून घेतला त्यांनी, अहो.